झिजली नाही ती चांदी: जुन्या नाण्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

यावेळच्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न जुन्या चांदीच्या हाय ग्रेड, म्हणजे जवळजवळ न झिजलेल्या, नाण्यांबद्दलच होते, म्हणून सगळी जागा त्यांनाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत.

प्रश्न: चांदी तर तीच, वजनही जवळपास तेवढंच. मग झिजलेल्या नाण्याकडे कोणी ढुंकून बघत नाही आणि न झिजलेल्या नाण्यामागे लोक एवढे वेडे का होतात? मला खरंच कळत नाही.

धातू म्हणून बघितलं तर फरक जवळजवळ नाहीच, त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. पण असं बघा, नाणं हे वापरायलाच बनवलेलं असतं. टाकसाळीतून निघालं की खिशात, थैलीत, गल्ल्यात, या हातातून त्या हातात, आणि शेवटी गुळगुळीत होऊन परत भट्टीत, हेच त्याचं नशीब. 1918 मध्ये अमेरिकेत पिटमन कायदा झाला आणि त्याखाली चांदीच्या डॉलरची 27 कोटी नाणी वितळवली गेली, 27 कोटी! जानेवारी 1980 मध्ये चांदीचे भाव आभाळाला भिडले तेव्हाही लोकांनी जुनी नाणी अक्षरशः पोत्यांनी भट्टीत घातली. अशा सगळ्यातून एखादं नाणं अजिबात न झिजता आपल्या हातात येतं याचा अर्थ कोणीतरी ते शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बाजूला ठेवलं, त्याच्यानंतरच्या माणसानेही तसंच ठेवलं, आणि त्याच्याही नंतरच्याने. मधल्या एकानेही ते खर्चलं नाही, वितळवलं नाही, आणि मुख्य म्हणजे घासून "स्वच्छ" केलं नाही. मला तर यातच सगळं आलं असं वाटतं.

आणि दुसरी गोष्ट डोळ्यांची. खोलीतले सगळे दिवे बंद करा, एकच टेबल लॅम्प ठेवा, नाणं फक्त कडेला दोन बोटांत धरा आणि दिव्याखाली हळूहळू कलवत फिरवा. न झिजलेल्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे मध्यापासून कडेपर्यंत चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतील, संग्राहक याला कार्टव्हील लस्टर म्हणतात. हे येतं कुठून, तर ठसा पडतो त्या क्षणी प्रचंड दाबाखाली चांदी मधून बाहेरच्या दिशेला सरकते, पिठाच्या गोळ्यावर तळवा दाबल्यावर तो पसरतो ना, तशी. ती सरकताना पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा उमटतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, आणि त्याच रेषांवरून प्रकाश परततो. नाणं पाडायचा ठसा हजारो वेळा वापरला की त्या ठशावरच अशा रेषा पडत जातात आणि पुढच्या नाण्यांवर त्या आणखी ठळक येतात, उलट कोऱ्या पॉलिश केलेल्या ठशातून निघालेली पहिली काही नाणी आरशासारखी असतात. म्हणजे तुम्ही जी झळाळी बघताय ती वरून दिलेली नाही, ती नाणं जन्मलं त्या क्षणाची खूण आहे. अंगठा नुसता शंभर वेळा फिरला तरी ती पुसली जायला लागते, आणि एकदा गेली की जगातला कोणताही कारागीर ती परत आणू शकत नाही. झिजलेलं नाणं आणि न झिजलेलं नाणं यातला फरक हा आहे.

प्रश्न: वडिलांकडून आलेली चांदीची नाणी काळपट पडलीत, काहींवर निळसर-जांभळा रंग आलाय. पॉलिश करून घेऊ का? की घरीच टूथपेस्टने घासू?

नका. कृपा करून नका. हा प्रश्न सात जणांनी विचारलाय आणि सातही जणांना एकच उत्तर, हात लावू नका.

मी हे पुस्तकातलं सांगत नाहीये. माझ्याकडे आलेलं पहिलं चांगलं नाणं सोनेरी-करडं झालेलं होतं, ज्याच्याकडून घेतलं तोच म्हणाला जरा चमकवून घ्या, छान दिसेल, आणि मी कापसावर टूथपेस्ट घेऊन पाच मिनिटं घासलं. पांढरंशुभ्र झालं. मग दिव्याखाली फिरवलं तर आरे गायब, नुसता सपाट पांढरा उजेड, आणि भिंगातून बघितलं तर सगळीकडे केसासारखे बारीक ओरखडे, माझ्या बोटाच्या दिशेनेच गेलेले. शंभर वर्षं टिकलेली गोष्ट पाच मिनिटांत गेली. ते नाणं मी अजून ठेवलंय, नवीन लोकांना तेच आधी दाखवतो.

तो रंग म्हणजे घाण नाही. हवेतला गंधक, बहुतेक वेळा हायड्रोजन सल्फाईडच्या रूपात, चांदीशी संयोग पावतो आणि सिल्व्हर सल्फाईडचा पातळ थर तयार होतो. तो थर इतका पातळ असतो की वरून परतणारा आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून रंग दिसतात, साबणाच्या फुग्यावर किंवा पाण्यावरच्या तेलाच्या तवंगावर दिसतात तसेच. थर वाढतो तसा रंग बदलतो, आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, जांभळा, निळा, आणि फारच जाड झाला की काळा. त्यामुळे हळूहळू, आपोआप आलेल्या टोनिंगमध्ये, म्हणजे अशा चढलेल्या रंगात, रंगांना एक क्रम असतो आणि एक रंग दुसऱ्यात विरघळत जातो. मुद्दाम रसायनं लावून, तापवून रंग चढवलेली नाणी विकणारे असतात, त्यात हा क्रम बिघडलेला असतो, भडक रंग डाग टाकल्यासारखे बसतात, आणि ओरखड्यांच्या आतही तोच रंग भरलेला दिसतो.

आणि पॉलिश सोडा, ते "डिप" नावाचं द्रव मिळतं ज्यात बुडवलं की नाणं पांढरं होतं, त्याचंही ऐका. सल्फाईडमधली चांदी ही त्या नाण्याचीच चांदी असते, म्हणजे थर काढला की नाण्याचा वरचा पापुद्राच काढला. एकदा अगदी जपून केलं तर लस्टर वाचू शकतं, पण तीन-चार वेळा डिप झालेलं नाणं खडूसारखं मेलेलं पांढरं दिसतं. चालतं ते एकच, शुद्ध अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे. ते चांदीशी काही करत नाही, फक्त वरचा तेलकटपणा, चिकटपणा आणि प्लॅस्टिकचा हिरवा लेप विरघळवतं. खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको, आणि नाणं बुडवायचं फक्त, चोळायचं नाही. तुमच्या निळ्या-जांभळ्या नाण्यांचा रंग जर खरा असेल तर ती तुमच्याकडची सगळ्यात चांगली नाणी असायची शक्यता आहे.

प्रश्न: टाकसाळीने एखाद्या वर्षी बत्तीस लाख नाणी पाडली तरी ते नाणं दुर्मिळ म्हणतात आणि दुसरं त्याच्या तिसरा हिस्सा पाडलेलं सहज मिळतं. हे कसं काय?

तुम्ही आकडा बघूनच विचारलंय असं दिसतंय, कारण हे उदाहरण 1884 च्या मॉर्गन डॉलरचं, म्हणजे अमेरिकेच्या एक डॉलरच्या जुन्या चांदीच्या नाण्याचं, आहे आणि मला ते फार आवडतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीत त्या वर्षी 32 लाख डॉलर पाडले, कार्सन सिटीला साधारण 11 लाख 36 हजार. पण सॅन फ्रान्सिस्कोची नाणी बाजारात गेली, लोकांनी वापरली, झिजली. कार्सन सिटीची बहुतेक नाणी थैल्यांत भरून सरकारी तिजोरीत पडून राहिली आणि 1970 च्या दशकात सरकारने ती संग्राहकांना विकायला काढली तेव्हा एकट्या 1884 ची साडेनऊ लाखांहून जास्त नाणी बाहेर आली, न वापरलेली. त्यामुळे आज सॅन फ्रान्सिस्कोचं झिजलेलं 1884 कोणालाही मिळतं, पण तेच नाणं न झिजलेलं बघायला मिळणं म्हणजे मोठी गोष्ट. किती पाडली हे एक झालं, किती राहिली हे दुसरं, आणि किती कोरी राहिली हे तिसरं. हाय ग्रेडवाला माणूस तिसऱ्या आकड्यामागे असतो.

याची उलटी बाजूही लक्षात ठेवा. 1962 च्या शेवटी अशाच थैल्या उघडल्या तेव्हा न्यू ऑर्लीन्सच्या टाकसाळीचा 1903 चा डॉलर, जो तोवर स्वप्नातला समजला जायचा, तो एकदम थैल्यांनी बाहेर आला आणि त्याची दुर्मिळता एका हिवाळ्यात संपली. म्हणून "हे कुठेच मिळत नाही" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर जरा थांबा.

प्रश्न: नाण्याचा मधला भाग सपाट दिसतोय. विकणारा म्हणतो ही झीज नाही, ठसाच हलका बसलाय. खरं कसं ओळखायचं?

दोन्ही शक्य आहे, आणि विकणारा खोटंच बोलतोय असं धरू नका. ठसे एकमेकांपासून जरा जास्त लांब ठेवले की दाब कमी पडतो आणि ठशाचा सगळ्यात खोल भाग धातूने पूर्ण भरतच नाही. मॉर्गन डॉलरवर ती जागा म्हणजे नाण्यावर कोरलेल्या बाईच्या कानावरचे केस आणि मागच्या बाजूला गरुडाची छाती, आणि न्यू ऑर्लीन्सची नाणी तर यासाठी प्रसिद्धच आहेत. गंमत अशी की झीजही पहिल्यांदा तिथेच होते, कारण तोच भाग सगळ्यात उंच.

पुन्हा दिवा आणि कलवणं. आरे फिरताना त्या सपाट जागेवरूनही न तुटता गेले तर ठसा हलका आहे. तिथे पोहोचल्यावर प्रकाश विझला, रंग करडा-मातकट झाला, तर झीज आहे, मग ती कितीही थोडी असो. पाच ते दहा पटीचं भिंग पुरतं, त्याहून जास्त पटीचं घेतलं तर प्रत्येक नाण्यात दोषच दोष दिसतात आणि माणूस उगाच हैराण होतो.

प्रश्न: एमएस-63, एमएस-65, एयू-58 हे आकडे डोक्यावरून जातात. स्लॅबवरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा का?

आधी आकडा आला कुठून ते सांगतो म्हणजे भीती जाईल. 1949 मध्ये विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी 1 ते 70 अशी मोजपट्टी केली, कल्पना अशी की 1 ग्रेडचं, म्हणजे जेमतेम ओळखू येणारं नाणं ज्या भावाला जातं त्याच्या सत्तर पट 70 ग्रेडच्या नाण्याचा भाव. म्हणजे हा आकडा मुळात भावाच्या गुणाकारातून आलाय. भावाचं ते गणित लवकरच मोडलं, आकडे मात्र राहिले, आणि पुढे 1986 मध्ये पीसीजीएस आणि 1987 मध्ये एनजीसी या ग्रेड ठरवणाऱ्या कंपन्या सुरू झाल्या, त्यांनी नाणी तपासून प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करायला सुरुवात केली, त्यालाच आपण स्लॅब म्हणतो. 60 पासून वर सगळं एमएस, म्हणजे न वापरलेलं, 50 ते 58 एयू, म्हणजे नाममात्र वापरलेलं.

आता विश्वासाचं. नाणं खरं आहे का, त्याच्याशी छेडछाड झालीय का, यासाठी स्लॅब फार उपयोगी, नवीन माणसाने तर स्लॅबमधलंच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. पण 63 आणि 65 मधला फरक माणसांनीच ठरवलेला असतो. वापरलं नाही म्हणजे ओरखडा नाही असं नसतं, एकेका कापडी थैलीत हजार-हजार डॉलर कोंबलेले, एकेक 26.73 ग्रॅमचा, थैली आपटली की ते एकमेकांवर आदळायचे, आणि मॉर्गनच्या बाईचा गाल रुंद, सपाट, त्यामुळे सगळे घाव गालावर. जुना संग्राहक नाणं हातात घेतलं की आधी गालच बघतो. कधीकधी एमएस-61 च्या गालाची चाळण झालेली असते आणि एयू-58 चं नाणं नुसतं केसांवर जरा पुसट, बाकी इतकं नितळ की नजर हटत नाही. मी तरी 58 वालंच घेईन, दरवेळी. लेबलवर "डीटेल्स" असा शब्द दिसला तर त्याचा अर्थ घासलेलं, खरवडलेलं किंवा दुरुस्त केलेलं, तिथे तपशील कितीही तीक्ष्ण असले तरी घाई करू नका.

प्रश्न: ठेवायचं कशात?

मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी पाकिटात अजिबात नाही, त्यातून निघणाऱ्या आम्लाने नाण्यावर हिरवट चिकट लेप येतो आणि धातू खाल्ला जातो. पॉलिस्टरची कडक पाकिटं किंवा नाण्याच्या मापाच्या घट्ट गोल डब्या घ्या. रबरबँड, लोकर, साधे कागदी लिफाफे यात गंधक असतो, ते लांब. ओकच्या लाकडातूनही आम्ल निघतं. सिलिका जेलची पुडी ठेवा आणि बदलत राहा. पकडायचं नेहमी कडेने, खाली मऊ कापड अंथरून, आणि नाण्यावर वाकून बोलू नका, थुंकीचा बारीक तुषारही कायमचा ठिपका सोडतो.

प्रश्न: नकली नाणं घरच्या घरी ओळखता येईल का? चुंबक लावून बघितलं, चिकटलं नाही. मग चांदीच ना?

नाही हो. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण तांबं, पितळ, शिसं, तेही चिकटत नाही. चिकटलं तर नकली हे नक्की, नाही चिकटलं तर काहीच सिद्ध झालं नाही.

वजनापासून सुरुवात करा, दोन दशांशापर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. मॉर्गन 26.73 ग्रॅम, 1835 नंतरचा ब्रिटिशकालीन रुपया 11.66 ग्रॅम, आणि न झिजलेल्या नाण्याचं वजन यापासून फार लांब असायचं कारणच नाही. झिजलेलं थोडं कमी भरेल, पण "एकदम कोरं" म्हणून दाखवलेलं नाणं अर्धा ग्रॅम कमी भरलं तर ते खाली ठेवा. मग घनता. आधी नुसतं वजन करा, मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा, काट्यावर जो आकडा येईल त्याने पहिल्या वजनाला भागा. नव्वद टक्के चांदीच्या नाण्याचं उत्तर साधारण 10.3 येतं, पितळ नि तांबं-निकेल नऊच्या खालीच राहतात. हे कमी मोलाच्या नाण्यांवर करून हात बसवा, दोरा आवळताना ओरखडा पडता कामा नये.

पुढचं काम भिंगाचं. ओतीव नाण्यावर बारीक फोड असतात, अक्षरांच्या कडा मेणासारख्या बोथट, आणि काठावर सांध्याची रेघ. दोन नाण्यांवर अगदी त्याच जागी तसाच खड्डा दिसला तर शंका घ्या, कारण खऱ्या नाण्यावरून नकली ठसा बनवला की त्या मूळ नाण्याचा घावही सगळीकडे छापला जातो.

प्रश्न: दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यांनाही हाच हिशोब लागतो का?

नाही, आणि बरं झालं विचारलंत. अथेन्सचं घुबडवालं चौद्राख्म, म्हणजे चार द्राख्मांचं नाणं, घ्या, इसवी सनपूर्व पाचव्या शतकातलं, वजन 17 ग्रॅमच्या जरा वर. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना देवी, दुसऱ्या बाजूला घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि शहराच्या नावाची तीन ग्रीक अक्षरं. चांदी अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतली, त्याच खाणींच्या पैशातून अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लिस याने जे आरमार बांधून घेतलं ते इसवी सनपूर्व 480 मध्ये सॅलामिसच्या लढाईत इराण्यांविरुद्ध जिंकलं. तर ही नाणी हाताने पाडलेली, ऐरणीत बसवलेल्या ठशावर तापवलेली चकती, वरून दुसरा ठसा आणि त्यावर हातोडा. चकती लहान नि जाड, त्यामुळे अथेनाच्या शिरस्त्राणाचा तुरा बहुतेक वेळा बाहेरच राहतो. पूर्ण तुरा, पूर्ण नाक, आणि मागे घुबडाबरोबर तिन्ही अक्षरं, असं सगळं एका नाण्यावर आलं की संग्राहकाची झोप उडते. म्हणून इथे झिजेइतकंच ठसा किती मधोमध बसला, ठसा कोरणाऱ्याचा हात कसा होता, आणि जमिनीत राहून पृष्ठभाग किती खाल्ला गेला हे बघतात, एनजीसी तर प्राचीन नाण्यांना ठसा आणि पृष्ठभाग यांचे वेगवेगळे पाचपैकी गुण देते.

आणखी एक, जी जुनी चांदी आतून स्फटिकासारखी ठिसूळ झालेली असते ती दिसायला अखंड दिसते पण टेबलावरून पडली तर काचेसारखी फुटू शकते. "नाणं आपटून आवाज ऐका" हा सल्ला तर कोणत्याच जुन्या नाण्यावर वापरू नका.

प्रश्न: आमच्याकडे 1780 सालचं मारिया थेरेसाचं चांदीचं मोठं नाणं आहे, एकदम कोरं, लखलखीत. अडीचशे वर्षं जुनं हाय ग्रेड नाणं म्हणायचं का?

तुमचा हिरमोड होईल, पण बहुधा नाही. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा 1780 मध्ये वारली, पण तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवरचे व्यापारी तिच्याच चित्राच्या नाण्यावर विश्वास ठेवायचे, दुसरं काही घ्यायचेच नाहीत, म्हणून तेच नाणं त्याच सालासकट पुढे पाडत राहिले. व्हिएन्नात तर पाडलंच, पण लंडन, पॅरिस, रोम, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या टाकसाळीतही पाडलं. त्यामुळे 1780 लिहिलेलं कोरं नाणं विसाव्या शतकातलं असणं अगदी सहज शक्य आहे.

पण नाणं खोटं आहे असं मुळीच समजू नका. वजन 28.07 ग्रॅमच्या आसपास हवं, चांदी हजारात 833, आणि काठ फिरवून बघा, त्यावर "न्याय आणि दया" या अर्थाचे लॅटिन शब्द उठावात असतील. कोणत्या टाकसाळीचं ते ओळखायला गरुडाच्या शेपटीची पिसं आणि खांद्यावरच्या ब्रोचचे मोती बघावे लागतात, टाकसाळ नि काळ बदलला की त्यात बारीक फरक पडतो. दोन्ही बाजूंचे आणि काठाचे फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढून पाठवा, पुढच्या वेळी त्यावर सविस्तर लिहितो. आणि तोवर पुसू नका.